तबला ऐकून येतो, मग क्लास कशाला?

प्रत्येक भजनी मंडळात एक तरी असा गडी असतो, जो कुठल्याही क्लासला गेलेला नाही आणि तरीही एकादशीचं भजन त्याच्याशिवाय उभं राहत नाही. कुणाच्या तरी शेजारी बसून, बघून, ऐकून त्याने भजनी ठेका उचललेला असतो. केरवा, दादरा, धुमाळी हाताखाली असतात. गजर चढत गेला की तोही चढतो, बुवांनी हात वर केला की थांबतो. अशा माणसाने "शिकून वेगळं काय मिळणार आहे?" असं विचारलं तर ते उद्धटपणाचं नाही, प्रश्न रास्तच आहे. आता तर मोबाइलवर धडेही फुकट मिळतात. मग महिन्याची फी भरून 'धा धा ति ट' घोटत का बसायचं?

थोडक्यात उत्तर असं: रियाजाला चूक-बरोबर कळत नाही. जे पुन्हा पुन्हा कराल ते तो पक्कं करतो, मग ते सुबक असो की वेडंवाकडं. काय पक्कं व्हावं, हे ठरवण्यासाठी शिकावं लागतं.

'ना' कुठून निघतो

तबल्यावरचा अगदी सुरुवातीचा बोल घेऊ, 'ना'. तर्जनी पुडीच्या (तबल्यावर ताणलेल्या कातड्याच्या) कडेवर, म्हणजे चाटेवर, पडते आणि लगेच उठते. अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या वर्तुळाच्या, कडेला हलकी टेकलेली असते आणि मधलं बोट वर अधांतरी असतं. एवढंच. व्हिडिओत हे दहा सेकंदांत दाखवून होतं. तरीही नवख्याच्या हातून 'ना' ऐवजी 'ठप' येतो. आवाज होतो, स्वर लागत नाही.

असं का होतं ते कळण्यासाठी पुडी समजून घ्यायला हवी. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली की अनेक कंपनं एकदम उठतात आणि त्यांचा आपसात सुरेल मेळ नसतो. म्हणून ढोल दणदणीत वाजतो, पण त्याच्याशी गायकाला सूर जुळवून घेता येत नाही. तबल्याच्या पुडीवर मधोमध शाई असते. लोखंडाची बारीक पूड आणि खळ यांचे थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर दगडाने घोटायचा, असं करत ती चढवतात. या वजनामुळे पुडीची वरची कंपनं मूळ स्वराच्या पटीत येऊन बसतात आणि कातड्यातून तारेसारखा स्वच्छ स्वर निघतो. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात भारतीय चर्मवाद्यांचा हा विशेष मांडला. त्यांना नोबेल मिळालं ते प्रकाशावरच्या कामासाठी आणि पुढे दहा वर्षांनी, पण तबलेवाल्यांनी रामन यांच्यावर हक्क सांगायला हरकत नाही.

आता अनामिकेकडे या. संपूर्ण पुडी एकसाथ वर-खाली होते ते सगळ्यात खालचं कंपन. टेकलेल्या बोटाने ते दबतं आणि त्याच्या वरचा स्वर, ज्याला आपण तबल्याचा स्वर म्हणतो, मोकळा राहतो. बोट जरा जास्त दाबलं की तोही मरतो. उचललं की खालचं कंपन घुमायला लागतं. 'तूं' वाजवताना नेमकं हेच हवं असतं, म्हणून तिथे अनामिका उचलतात. म्हणजे दोन बोलांमधला फरक एका बोटाच्या टेकण्या-न टेकण्यात आहे, आणि चांगल्या-वाईट 'ना'मधला फरक त्या टेकण्याच्या दाबात.

हा दाब कॅमेऱ्यात दिसत नाही. शिकवणाऱ्याला तो ऐकू येतो. चांगले सर खोलीच्या दुसऱ्या टोकाला पेटीचा भाता ठीक करत बसलेले असतात आणि तिथूनच, मान वर न करता म्हणतात, "अनामिका दाबतोयस." क्लासच्या फीमधली निम्मी रक्कम या एका वाक्यासाठी असते, असं माझं मत आहे.

समजा हे सांगायला कुणी नाही आणि पोराने तो 'ठप' घेऊनच वर्षभर रोज वाजवलं. हात मोकळा होतो, वेगही येतो, घरचे खूश होतात. पण पक्का झाला तो 'ठप'. शाळेत अक्षराला चुकीचं वळण पडावं तसं हे आहे. पुढे सुधारता येतं, मात्र घाईत लिहायला घेतलं की जुनंच वळण परत येतं. तबल्यावर ही घाई म्हणजे द्रुत लय. मध्यलयीत कसाबसा निभावलेला बोल द्रुतमध्ये उघडा पडतो.

डग्ग्याची, म्हणजे डाव्या हाताच्या वाद्याची, गोष्ट याहून नाजूक. मनगटाची कड पुडीवर किती सरकवायची, केव्हा सोडायची, यावर 'गे'ची गोलाई ठरते. हे लिहून सांगण्यात अर्थ नाही. समोर बसून ऐकावं लागतं.

आधी तोंड, मग हात

तबल्याचं शिक्षण तोंडाने सुरू होतं, हे बाहेरच्यांना गमतीचं वाटतं. हाताने टाळी आणि खाली (टाळीऐवजी नुसता हात हलवणं) दाखवत बोल म्हणायचे, याला पढंत म्हणतात. डाव्या-उजव्या हाताच्या जवळपास प्रत्येक आघाताला नाव आहे. उजव्या हाताचा 'ना' आणि डग्ग्याचा 'गे' एकदम वाजले की 'धा'. 'तिं' आणि 'गे' एकदम आले की 'धिं'. डग्गा गप्प केला की 'धा'चा 'ता' होतो आणि 'धिं'चा 'तिं' होतो. इतकी नेटकी व्यवस्था असल्यामुळे शंभर-शंभर आघातांची रचना वही न उघडता लक्षात राहते, एका पिढीकडून दुसरीकडे जाते आणि बसमध्ये उभ्या-उभ्या घोकताही येते.

जे तोंडाला स्पष्ट येत नाही ते हाताला येत नाही, असं जाणते सांगतात. उस्ताद झाकिर हुसेन यांची हकिकत सगळ्यांना ठाऊक आहे. जन्मल्यावर मांडीवर घेतलेल्या बाळाच्या कानात वडील, उस्ताद अल्लारखाँ, यांनी प्रार्थनेऐवजी तबल्याचे बोल म्हटले. पुढे पहाटे तीनला उठून बाप-लेक समोरासमोर बसायचे तेव्हाही बराच वेळ तबल्याला हात न लावता नुसती पढंतच चालायची, असं झाकिरभाई मुलाखतींत सांगत. ज्यांना लोक 'उपजत देणगी' म्हणून मोकळे होतात, त्यांच्या बाबतीत ही तालीम विसरली जाते.

कायद्यात राहून

भजनी ठेका वाजवणाऱ्याकडे ठेके असतात, लग्ग्या (ठेक्याच्या जागी वाजवायचे छोटे जलद तुकडे) असतात. शिकलेल्याकडे त्या तयार करण्याची रीत असते. ही रीत कायद्यातून, म्हणजे ठरावीक बोलांच्या, नियमाने विस्तारत न्यायच्या रचनेतून येते. बहुतेक क्लासमध्ये पहिला कायदा हाच असतो:

धा धा ति ट । धा धा तिं ना
ता ता ति ट । धा धा धिं ना

सोळा अक्षरं, त्रितालाच्या सोळा मात्रांवर (ठोक्यांवर) चपखल. पहिल्या मात्रेवर सम (तालाची सुरुवात), पाचव्या आणि तेराव्यावर टाळी, नवव्यावर खाली. आता नीट बघा. नवव्या मात्रेपासून 'ता ता ति ट' येतं, म्हणजे तीच ओळ, फक्त डग्गा काढून घेतलेला. तेराव्या मात्रेला डग्गा परततो. ऐकणाऱ्याला मात्रा मोजता येत नसल्या तरी जमीन सरकल्याचं आणि परत आल्याचं कानाला कळतं. खाली-भरी म्हणतात ती हीच: डग्गा नसलेला भाग खाली, असलेला भरी.

या कायद्याचा विस्तार करायचा तर नियम कडक आहेत. कायद्यात जे बोल आहेत तेवढेच वापरायचे, बाहेरचा एकही आणायचा नाही. पहिल्या अर्ध्याचा शेवट 'तिं ना'वर आणि दुसऱ्याचा 'धिं ना'वर. भरीच्या भागात जे वाजवलं त्याचीच खाली करायची. दुगुनीत (दुप्पट लयीत) एक पलटा, म्हणजे त्याच बोलांचा नवा फेर, असा होईल:

धाधा तिट धाधा तिट । धाधा तिट धाधा तिंना
ताता तिट ताता तिट । धाधा तिट धाधा धिंना

पुढचा पलटा 'तिट तिट'ने सुरू करा, तो वेगळाच वाटेल. त्याच्या पुढे 'धाधा' तीनदा घेऊन बघा. प्रत्येक पलटा बोटांची एकेक दुबळी जागा उघडी पाडतो. 'तिट तिट तिट' लागोपाठ आलं की मधलं बोट आणि तर्जनी यांच्यातलं कोणतं आळशी आहे ते लगेच कळतं. त्यामुळे कायदा म्हणजे एकाच वेळी बोटांचा व्यायाम, व्याकरण आणि रचना, तिन्ही. दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस, पंजाब या सहा घराण्यांत कुठे बोटांवर भर, कुठे पंजावर, कुठे कायद्यापेक्षा गतींवर (बांधीव रचनांवर) प्रेम, असे फरक आहेत. सुरुवातीला त्यांच्या वादात पडू नये. घराण्याचा अभिमान विद्यार्थ्याला फार लवकर चढतो, आणि हात तयार व्हायच्या आधी चढला तर काही कामाचा नाही.

तिहाईचं गणितही असंच. एखादा तुकडा तीनदा वाजवून शेवटचा 'धा' समेवर आणायचा. त्रितालात समेपासून निघून पुढच्या समेवर पोचायचं, तर ती सम धरून १७ मात्रा मिळतात. 'तिट कत गदि गन धा' हा तुकडा पाच मात्रांचा. तीन वेळा म्हणजे १५. उरल्या दोन. मग पहिल्या आणि दुसऱ्या 'धा'नंतर एकेक मात्रा थांबा:

तिट कत गदि गन धा ऽ तिट कत गदि गन धा ऽ तिट कत गदि गन धा

मोजून बघा, शेवटचा 'धा' बरोबर सतराव्या जागेवर, म्हणजे समेवर. आता हीच तिहाई दहा मात्रांच्या झपतालात बसवायची तर कुठल्या मात्रेपासून उचलायची? ऐकून शिकलेला इथे अडतो. त्याला तिहाई पाठ असते, पण तिची रचना माहीत नसते. शिकलेला मोजतो: तालाची दोन आवर्तनं (फेरे) आणि पुढची सम मिळून २१ जागा, त्यातून १७ गेल्या, उरल्या चार. त्या ठेक्यात घालवायच्या आणि पाचव्या मात्रेला उचलायची.

हे गणित कुठवर जाऊ शकतं याचं टोक पाहायचं असेल तर गोव्याचे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर आठवावेत. हातापायांनी एकाच वेळी निरनिराळे ताल धरून दाखवण्यासाठी ते प्रसिद्ध होते. १६ मात्रांचा त्रिताल आणि १० मात्रांचा झपताल एकत्र सुरू केले तर दोघांची सम पुन्हा एकदम येते ती ८० मात्रांनी. शाळेतला लसावि. फरक एवढाच, की तो शरीरात चालू ठेवायचा असतो, आणि तेही दोन नव्हे तर अधिक तालांचा.

परीक्षा द्यावी का

विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि संगीत शाळेसारखं शिकवता येतं हे दाखवलं. पुढे १९३१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज महाराष्ट्रातल्या गावोगावच्या क्लासांचा कणा आहेत: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. यातली प्रथम आणि पूर्ण अशी टप्प्यांची उतरंड मुलांच्या आयांना सरांपेक्षा जास्त पाठ असते.

परीक्षेचा फायदा खरा आहे. तारीख ठरलेली असते म्हणून रियाज होतो. आवडत नाही म्हणून टाळलेला रूपक किंवा धमार ताल करावाच लागतो. ताल लिहायला शिकावं लागतं, आणि तेही दोन पद्धतींनी: पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला +, भातखंडे पद्धतीत समेला × आणि खालीला ०. (दोन्हींची सरमिसळ करून मार्क घालवणं ही जुनी परंपरा आहे.) पण विशारद झालेला मुलगा गायकाच्या शेजारी बसून भांबावतो, हेही सर्रास दिसतं. त्याने कायदे परीक्षकासमोर वाजवलेले असतात, माणसाबरोबर वाजवलेले नसतात. विलंबित (अगदी संथ) एकतालाचं एक आवर्तन मिनिटभर चालू शकतं. तेवढा वेळ ठेका भरीव ठेवायचा आणि मध्ये स्वतःची हुशारी घुसडायची नाही, हे कुठल्याच पेपरात विचारत नाहीत.

उस्ताद अहमदजान थिरकवाँ मुंबईला उस्ताद मुनीर खाँकडे शिकले. एकल वादनातलं शिखर म्हणून त्यांना मानतात. पण याच थिरकवाँनी बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत साथ केली, नाट्यपदांच्या मागे बसून. म्हणजे कडक तालीम आणि रंगभूमीवरची साथ यांत काही विरोध नाही. उलट, कायद्यांवर इतकी हुकमत असलेल्या माणसाने पदाला साधा ठेका लावला तरी ऐकणाऱ्याला त्याचं वजन जाणवतं.

आणि क्लासचा फलक नसला म्हणजे शिक्षण नाही, असंही समजू नये. गोंधळातला संबळ, तमाशातली ढोलकी, हलगी, ही वाद्यं घरात आणि फडात शिकली जातात. प्रमाणपत्र नसतं, पण चूक झाली की तिथल्या तिथे कळवणारा मोठा माणूस असतो आणि त्याची कळवण्याची पद्धत कुठल्याही परीक्षकापेक्षा कडक असते. पुण्यात गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो तोही याच जातीचा. ताशेवाल्याच्या इशाऱ्यावर पन्नास ढोल एकदम थांबतात ते आपोआप नव्हे.

किती वाजवायचं

'दहा हजार तास' हा आकडा हल्ली सगळ्यांच्या तोंडी आहे. त्याचं मूळ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. पश्चिम बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या सर्वोत्तम विद्यार्थ्यांनी विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजारांहून अधिक तास रियाज केला होता. लोकांनी आकडा उचलला आणि मुद्दा सोडला. एरिक्सन यांचा भर तासांवर कमी आणि रियाजाच्या जातीवर जास्त होता: नेमकं एक उणं हेरायचं, त्यावरच काम करायचं आणि ते सुधारतंय का हे सांगणारं कुणीतरी हवं. पुढे २०१४ मध्ये ब्रूक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. संगीतात कोण कुठवर पोचलं यातल्या फरकापैकी साधारण २१ टक्के फरक अशा रियाजाने उलगडतो, असं त्यांना दिसलं. आकडा छोटा नाही, पण सगळा हिशेब त्यात येत नाही. केव्हा सुरुवात केली, कान कसा आहे, शरीराची ठेवण, शिकवणारा कोण भेटला, हे सगळं उरतंच.

रोज थोडं की रविवारी भरपूर, यावर मात्र माझं मत पक्कं आहे: रोज थोडं. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये काही लोकांना बोटांनी कळा दाबण्याचा एक ठरावीक क्रम शिकवला. रात्री झोपून उठल्यावर, मध्ये काहीही सराव न करता, त्यांचा वेग वाढलेला आढळला. तेवढेच तास जागं राहिलेल्यांचा वाढला नाही. हाताने दिवसा केलेलं काम मेंदू रात्री आवरून ठेवतो. आठवड्यात सात रात्री मिळत असताना एकच वापरायची, हा तोट्याचा व्यवहार आहे.

चाळीस मिनिटं मिळत असतील तर पहिली दहा फक्त सुट्या बोलांना द्यावीत, लय संथ, कान उघडे. मग एकच कायदा, लेहरा (तालाचं आवर्तन दाखवणारी, परत परत वाजणारी धून) लावून. लेहरा मोबाइलवरचा चालतो, पण हवाच, कारण त्याच्याशिवाय लय पळते आणि पळतेय हे वाजवणाऱ्याला कळत नाही. बरोबरीत (मूळ लयीत) स्वच्छ आल्याशिवाय दुगुन नाही, दुगुन स्वच्छ आल्याशिवाय चौगुन नाही. जिथे बोल तुटतो तेवढाच तुकडा वेगळा काढून घोटायचा, दरवेळी पहिल्यापासून सुरू करायचं नाही. बहुतेक विद्यार्थी येतं तेच वाजवून रियाज झाल्याचं समाधान मिळवतात. ते वाजवणं झालं, रियाज नव्हे. आणि खांदा भरून आला किंवा कोपराखाली दुखायला लागलं तर थांबावं. 'दुखतंय म्हणजे हात तयार होतोय' हा समज खोटा आहे. दुखतंय म्हणजे बैठक किंवा मनगट कुठेतरी चुकतंय, आणि ते सरांना दाखवायचं असतं.

सर निवडताना त्यांच्या भिंतीवरच्या फोटोंवर जाऊ नका. पहिल्या दिवशी नुसतं बसून बघायची परवानगी मागा. तबला सुरात लावलेला आहे का, की चार मुलं चार स्वरांतल्या तबल्यांवर एकत्र बडवतायत? हातोडी घेऊन गजऱ्यावर ठोके देऊन सूर मिळवायला मुलांना शिकवतात का, की ते काम फक्त सरच करतात? पढंत होते का? एखाद्याचं चुकलं तर "परत वाजव" एवढंच म्हणतात, की कुठलं बोट चुकलं ते सांगतात? वय पन्नाशीचं असेल आणि फक्त भजनाला साथ करायची असेल तर तेही आधीच स्पष्ट सांगा. त्यासाठी अलंकारपर्यंत जायची काहीएक गरज नाही. चार कायदे, सहा-सात ताल, स्वच्छ 'ना' आणि ठाय (संथ) लयीत न हलणारा ठेका एवढं मिळालं तरी भजनी मंडळातले लोक विचारतील, कुठे शिकायला लागलात म्हणून.